दुसरं मत: कंपनीचं वर्कशॉप की जुना मिस्त्री?

"गाडीच्या पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल," असं बडोद्यातल्या आमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं आणि पोटात गोळाच आला.

कंपनीच्या वर्कशॉपात स्कॅनर लावतात, लेखी अंदाजपत्रक देतात. गाडी वॉरंटीत असेल तर तिथंच जा. पण स्कॅनर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढंच दाखवतो. रिंग झिजलीय की व्हॉल्व्ह, ते सांगत नाही.

माझा कौल दांडिया बाजारातल्या मिस्त्रीकाकांना. पहिलं निदान मी मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. एका सिलिंडरचा दाब कमी. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तरी काटा तेवढ्यावरच. रिंगांचा दोष असता तर ऑइलनं फट बुजून दाब वाढला असता. मग फक्त हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळालेला.