टाइपरायटरची सवय मोडायला आठ महिने गेले : लिब्रेऑफिस वापरून झाल्यावर

आठ महिने झाले रोज लिब्रेऑफिस वापरतोय, म्हणजे उघडून दोन पत्रं टाइप केली असं नाही, १४० पानांची एक माहितीपुस्तिका, दर महिन्याची इतिवृत्तं, हिशोबाची शीटं, सगळं यातच. त्याआधी पंधराएक वर्षं दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर होतं, त्याची मुदत संपली आणि नवीन घ्यायच्या ऐवजी म्हटलं हे फुकटातलं वापरून बघू. पहिले पंधरा दिवस नुसता चिडचिडाट. बटणं जागेवर नाहीत, मेनू वेगळे, आणि मी दर पाच मिनिटांनी "आधी बरं होतं" असं पुटपुटत होतो.

इंटरफेसचं आधी सांगून टाकतो कारण बहुतेक लोक तिथेच कंटाळून सोडतात. व्ह्यू मेनूत युजर इंटरफेस नावाचा पर्याय आहे, त्यात टॅब्ड निवडलं की वर रिबनसारखे, म्हणजे बटणांच्या रुंद पट्टीसारखे टॅब येतात, रिबनची सवय असलेल्यांना लगेच घरच्यासारखं वाटतं. मी दोन महिने ते वापरलं आणि मग परत जुन्या मेनूवर आलो, का ते नीट सांगता येणार नाही, मेनूत वाचून शोधता येतं बहुतेक म्हणून. आणि शोधायचंच नसेल तर शिफ्ट+एस्केप. एक छोटी पट्टी उघडते, त्यात कमांडच्या नावातली चार अक्षरं टाइप करा, कुठल्या मेनूत दडलीय ते दाखवते आणि एंटर मारला की चालवते पण. ही सोय ७.२ आवृत्तीपासून आहे, मला कळली चौथ्या महिन्यात. पहिल्या दिवशी कळली असती तर अर्धी चिडचिड वाचली असती.

आता खरी गोष्ट. पुस्तिकेचं काम सुरू होतं, जुनी फाईल होती, ती इथे उघडली तर सगळं हललेलं. मथळे पानाच्या तळाशी एकटे पडलेले, तक्ते अर्धे इकडे अर्धे तिकडे, सहीच्या जागा भलतीकडे. मी अर्थातच सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, कंट्रोल+एफ१० दाब आणि स्क्रीनशॉट पाठव." दाबलं. पडद्यावर न दिसणारी सगळी चिन्हं दिसायला लागली, प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका, प्रत्येक एंटरच्या जागी एक खूण. माझ्या फाईलमधे ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा. टाइपरायटरवर करतात तसं, मथळा मधोमध आणायला बावीस स्पेस, पुढचं पान सुरू करायला अकरा एंटर, तारीख उजवीकडे न्यायला सात टॅब आणि वर चार स्पेस. भाच्याचा मेसेज आला, "मामा हे डॉक्युमेंट नाहीये, मुंग्यांची रांग आहे." 😀

तर हललं होतं ते माझ्यामुळे. फॉन्ट बदलला, अक्षराची रुंदी केसभर बदलली की स्पेस मोजून रचलेला सगळा मनोरा कलतो, कुठल्याही सॉफ्टवेअरमधे कलतो, इतकी वर्षं एकाच कॉम्प्युटरवर एकाच फॉन्टमधे उघडत होतो म्हणून कळलं नव्हतं. दुसऱ्याकडे फाईल पाठवली की "तुमच्याकडे नीट दिसत नाही का?" असं मीच त्यांना विचारायचो, वर!

मग स्टाइल्स शिकलो. शिकलो म्हणजे भाच्याने बळजबरीने शिकवल्या. एफ११ दाबलं की उजवीकडे स्टाइल्सची यादी येते. मथळा लिहायचा, कंट्रोल+१ दाबायचं, तो हेडिंग १ झाला. उपमथळ्याला कंट्रोल+२. साध्या मजकुराला कंट्रोल+०. बस. मथळा केवढा, कुठला फॉन्ट, वर किती जागा, हे प्रत्येक वेळी हाताने करायचं नाही, स्टाइलमधे एकदा ठरवायचं, १४० पानांतले साठ मथळे एकदम बदलतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही, स्टाइलचं ते खोकं मी वर्षानुवर्षं वरच्या पट्टीत बघत होतो, पण ते डिझाइनवाल्यांसाठी असतं असा माझा समज.

आणि स्टाइल लावल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप चालायला लागतात. एफ५ ने नॅव्हिगेटर उघडतो, त्यात सगळे मथळे एकाखाली एक दिसतात, तिथे प्रकरण चौथं धरून दुसऱ्याच्या वर ओढलं की आतल्या उपमथळ्यांसकट, तक्त्यांसकट पूर्ण प्रकरण जागा बदलतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी घाबरून लगेच अनडू केलं. अनुक्रमणिका पण तशीच, इन्सर्टमधून टाकायची, पान क्रमांकासकट तयार होते. फक्त एक लक्षात ठेवा, ती आपणहून ताजी होत नाही, उजवं क्लिक करून अपडेट इंडेक्स म्हणावं लागतं, मी एकदा न करताच पाठवली आणि प्रकरण सहा पान ४१ वर म्हणून छापलं होतं ते निघालं ४७ वर.

जुन्या फाईलमधे हाताने केलेलं फॉरमॅटिंग चिकटून बसलेलं असतं, स्टाइल लावली तरी हटत नाही. मजकूर निवडून कंट्रोल+एम, साफ. वेबवरून काही आणायचं असेल तर साधं पेस्ट करूच नका, कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+व्ही, नुसता मजकूर येतो. बोटं थोडी वाकडी करावी लागतात, सवय होते. आणि स्टाइल्सच्या पॅनेलमधे खाली स्पॉटलाइट म्हणून एक टिक आहे, ती केली की प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला रंगीत आकडा दिसतो, कुणाला कुठली स्टाइल लावलीय ते एका नजरेत. दुसऱ्याने केलेली फाईल दुरुस्त करताना हे म्हणजे वरदान.

पान क्रमांकांनी मात्र मला रडवलं. मला हवं होतं एवढंच की मुखपृष्ठाला आणि अनुक्रमणिकेला आकडा नको, तिसऱ्या पानापासून १. इथे पानाला पण स्टाइल असते हे डोक्यात शिरायला वेळ लागला. म्हणजे "हे पान आडवं कर" असं एका पानाला सांगता येत नाही, आडव्या पानाची स्टाइल असते आणि तिकडे जायला मधे ब्रेक टाकावा लागतो. इन्सर्ट, मोअर ब्रेक्स, मॅन्युअल ब्रेक, तिथे पुढच्या पानाची स्टाइल निवडायची आणि पान क्रमांक बदला म्हणून १ द्यायचा. झालं, खूश झालो, प्रिंट काढली तर मधेच एक कोरं पान. पडद्यावर पान नाही आणि कागदावर आहे! अर्धा दिवस घालवला. कारण अगदी सरळ निघालं, पुस्तकात विषम आकड्याचं पान नेहमी उजवीकडे येतं, आणि माझ्याकडे अनुक्रमणिका लांबून सुरुवातीची पानं दोनाची तीन झाली होती, त्यामुळे ३ नंतर लगेच १ आलं, दोन उजवी पानं लागोपाठ, म्हणून मधे डावं कोरं पान घातलं जातं. नको असेल तर ऑप्शन्समधे रायटरच्या (यातला मजकूर लिहायचा भाग) प्रिंटखाली ती टिक काढता येते. मी ठेवलीय, पुस्तिका पाठपोट छापायची होती त्यामुळे ते बरोबरच होतं.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण हे इतरांच्या रिव्ह्यूमधे मिळत नाही. देवनागरी इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या खात्यात मोडते आणि तिचा फॉन्ट, आकार, भाषा हे सगळं रोमन अक्षरांपेक्षा वेगळं साठवलं जातं. म्हणजे एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असेल तर मराठी १२ आणि इंग्रजी १४ असं होऊ शकतं, तुम्ही वर आकडा बदलत बसता आणि अर्धीच ओळ ऐकते. उपाय, हाताने बदलू नका, स्टाइलच्या फॉन्ट टॅबमधे दोन्हीचे रकाने आहेत तिथे एकदाच ठरवा. भाषा पण बघा, माझ्याकडे त्या जागी हिंदी होती त्यामुळे "आहे" खाली सुद्धा लाल नागमोडी रेघ, मला वाटायचं की मलाच शुद्धलेखन येत नाही. ऑप्शन्समधे भाषांच्या पानावर मराठी केली, शांतता. अजून एक, ओळीतलं अंतर फिक्स्ड करून आकडा फार कमी ठेवला तर रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात. "सर्व" चं "सव" दिसतं. अंतर थोडं सैल ठेवा.

दुसऱ्यांशी फाईलींची देवघेव, हा प्रश्न सगळेच विचारतात. ओडीटी हा लिब्रेऑफिसचा फाईलप्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा मानक प्रकार आहे आणि वर्डच्या डॉकएक्सचं पण २००८ ला मानक झालं, त्यामुळे एकमेकांत उघडतात, पण उघडणं आणि हुबेहूब दिसणं यात फरक. निम्मा फरक फॉन्टचा. समोरच्याने कॅलिब्रीत लिहिलं आणि माझ्याकडे कॅलिब्री नाही तर लिब्रेऑफिस कार्लिटो वापरतं, त्याची अक्षरं कॅलिब्रीच्याच रुंदीची मुद्दाम बनवलीत, कॅम्ब्रियाला तसंच कॅलाडिया, त्यामुळे ओळी फारशा हलत नाहीत. मराठी फॉन्टांना असा जुळा नाही, तिथे हलतं. साध्या मजकुराच्या फाईलींनी आठ महिन्यांत मला त्रास दिला नाही, मजकुराच्या चौकटी आणि तरंगती चित्रं असलेल्यांनी दिला. फक्त वाचायला पाठवायचं असेल तर मी पीडीएफ पाठवतो, आणि एक्सपोर्ट करताना हायब्रिड पीडीएफ अशी टिक आहे ती करतो, मूळ फाईल त्या पीडीएफच्या आतच राहते, समोरच्याला साधी पीडीएफ दिसते आणि मला तीच उघडून परत दुरुस्त करता येते. एकाच वेळी चार जणांनी चार ठिकाणांहून एकाच फाईलमधे लिहायचं असेल तर मात्र हे डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर त्या कामाचं नाही, त्यासाठी ऑनलाइनवालं बघा.

कॅल्क, म्हणजे यातला हिशोबाच्या शीटांचा भाग, त्याबद्दल थोडक्यात. रोजच्या हिशोबाला भरपूर आहे, दहा लाखांवर ओळी बसतात, माझ्या कधी दोन हजारच्या वर गेल्या नाहीत. बेरीज चुकत असेल तर कंट्रोल+एफ८ दाबा, आकडे निळे, सूत्रं हिरवी, आणि मजकूर काळा दिसतो. निळ्यांच्या रांगेत एखादा काळा आकडा दिसला की समजायचं तो आकडा नसून आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे आणि बेरजेत धरलाच जात नाहीये. मग तो कॉलम निवडून डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स चालवलं की बरा होतो. सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेल्या रकान्यांची साधी मजकूर फाईल) उघडताना जी खिडकी येते ती डोळे मिटून ओके करू नका, सुरुवातीला शून्य असलेले नंबर असतील तर तो कॉलम टेक्स्ट करा नाहीतर शून्य गेलं, तारखांना दिवस-महिना-वर्ष क्रम सांगा. स्प्रेडशीटच्या या आगाऊपणाला शास्त्रज्ञ सुद्धा कंटाळलेत, मार्च१, सेप्ट१ अशी नावं असलेल्या जनुकांच्या तारखा व्हायच्या म्हणून २०२० मधे ती नावंच बदलायचं जाहीर झालं, मार्च१ चं मार्चएफ१. आपण निदान कॉलमचा प्रकार तरी बदलू.

इम्प्रेस, म्हणजे स्लाइड्स बनवायचं, मी तीनदाच वापरलं, त्यावर मत देत नाही.

किरकोळ. टाइप करताना लांब शब्द आपोआप पुरा व्हायचा आणि नवी ओळ घ्यायला एंटर मारला की तो शब्दच आत घुसायचा, ऑटोकरेक्टच्या पर्यायांत वर्ड कम्प्लीशन बंद केलं. लाईट जाऊन मशीन बंद पडलं आणि मग फाईल "दुसऱ्याने उघडली आहे" म्हणाली तर तो दुसरा म्हणजे आपणच, फोल्डरमधे लपलेली लॉक फाईल राहून जाते, ती काढली की झालं. ऑटोरिकव्हरी दहा मिनिटांवर असते, मी तीनवर आणलीय, आणि बॅकअप कॉपीची टिक पण केलीय कारण एकदा जुन्या मजकुरावर सेव्ह करून बसलो होतो. फाईलमधली चित्रं मूळ आकारात काढायची असतील तर ओडीटीची एक प्रत करून तिच्या नावाचं शेपूट .odt बदलून .zip करा आणि उघडा, पिक्चर्स फोल्डरमधे सगळी असतात, डॉकएक्सचं पण तसंच, तिथे फोल्डरचं नाव मीडिया.

आता जुन्या फाईली एकेक करून धुवायला काढल्यात. कंट्रोल+एच उघडायचं, रेग्युलर एक्स्प्रेशन्सला टिक, शोधायच्या जागी एक स्पेस आणि लगेच महिरपी कंसात २ आणि स्वल्पविराम, आकडा मात्र इंग्रजीच टाइप करायचा, बदलायच्या जागी एक स्पेस, रिप्लेस ऑल. आधी प्रत करून ठेवा हे सांगायला नको. परवा त्या पुस्तिकेच्या सगळ्यात जुन्या फाईलवर चालवलं तर ३,११८ ठिकाणी बदल केला असं खाली आलं. त्याचा स्क्रीनशॉट भाच्याला पाठवला, त्याने उत्तरात नुसती मुंगी पाठवली.