जपानमधली गाईडेड सायकल टूर, शिमानामी काइदो ते शिमांतो नदी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. फक्त शिमानामी काइदो करायचा असेल तर गाईडेड टूरवर पैसे घालू नका, स्वतः जा. पण त्याच्या पुढे शिकोकू बेटाच्या आत शिरायचं असेल, डोंगर ओलांडून शिमांतो नदीपर्यंत जायचं असेल, तर गाईड घ्याच, आणि चांगला घ्या. आम्ही दोघी बहिणी, ताई आणि मी, गेल्या ऑक्टोबरात ओनोमिचीहून निघून शिमांतो नदीकाठच्या नाकामुरापर्यंत गेलो. आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळंच भारी भारी लिहिलं असतं म्हणून मुद्दाम थांबले. आता आमच्या सायकल क्लबमधले चार-पाच जण विचारतायत आणि मध्ये वेळही बराच गेलाय, त्यामुळे काय खरंच पैसे वसूल होतं आणि काय नव्हतं ते नीट दिसतंय.

खर्च विमान सोडून माणशी तीन लाखांच्या वर गेला. त्यात राहणं, सकाळ-संध्याकाळचं जेवण, सायकल, सामान वाहणारी व्हॅन आणि गाईड. दुपारचं जेवण आपलं आपण. ग्रुप लहान होता, आम्ही दोघी, एक सिंगापूरचं जोडपं आणि बाकी ऑस्ट्रेलियन.

शिमानामी काइदो म्हणजे हिरोशिमा प्रांतातलं ओनोमिची ते शिकोकूवरचं इमाबारी, साधारण ७० किमी, मधे सहा बेटं आणि त्यांना जोडणारे मोठमोठे पूल, १९९९ मध्ये हा रस्ता सुरू झाला. सायकलवाल्यांसाठी पुलांवर वेगळी लेन आहे आणि बेटांवर रस्त्याच्या कडेला निळी रेघ मारलेली आहे, ती धरून जायचं, संपलं. ओनोमिचीहून पहिल्या बेटावर, मुकाइशिमावर, छोट्या फेरीबोटीने जायचं, किरकोळ पैशात काही मिनिटांत पलीकडे. पुलावर चढायला जो वळणावळणाचा रॅम्प असतो त्याचा चढ इतका मवाळ ठेवलाय की रोज सिंहगड करणारा माणूस तर गिअरही बदलणार नाही. इन्नोशिमाच्या पुलावर सायकली गाड्यांच्या रस्त्याच्या खालच्या मजल्यावरून जातात, ते मला फार आवडलं. तातारा पुलाचा मधला गाळा ८९० मीटरचा, बांधला तेव्हा केबल-स्टेड, म्हणजे खांबांवरून तिरप्या तारांनी तोललेल्या, पुलांमध्ये जगात सर्वात लांब होता. त्याच्या खांबाखाली लाकडी ठोकळे ठेवलेत, ते एकमेकांवर आपटले की आवाज घुमत घुमत वर जातो, आम्ही सगळ्यांनी लहान मुलांसारखं परत परत करून बघितलं. शेवटचा कुरुशिमाचा पूल म्हणजे खरं तर तीन झुलते पूल एकामागे एक, मिळून चारेक किमी, आणि खाली भरती-ओहोटीचा प्रवाह असा खळखळत असतो की वरून पाण्यात भोवरे दिसतात.

आता एवढ्या सगळ्यात गाईडचं काम काय होतं? खरं सांगायचं तर फारसं नाही. रस्ता निळी रेघ दाखवते, सायकली दोन्ही टोकांना भाड्याने मिळतात, एका टर्मिनलला घेऊन दुसऱ्याला सोडता येतात, राहायला इकुचिजिमा बेटावरच्या सेतोदात किंवा ओमिशिमा बेटावर मिळतं. उलट ग्रुपमुळे सगळ्यांचा वेग सांभाळावा लागला आणि ओमिशिमावरच्या ओयामाझुमि मंदिरात, जिथे सामुराईंची चिलखतं आणि तलवारी ठेवल्यात, तिथे मला दोन तास हवे होते आणि मिळाला जेमतेम अर्धा. हे माझं पहिलं गाऱ्हाणं. फक्त एका ठिकाणी गाईडमुळे फायदा झाला, ओशिमा बेटावर किरोसानच्या टेकडीवर तिने आग्रहाने नेलं. नकाशात तो फाटा बघून आपण नक्की टाळला असता, चढ खडा आहे, पण वर केंगो कुमा या प्रसिद्ध जपानी वास्तुविशारदाचा व्ह्यू पॉइंट आहे, टेकडीच्या पोटात लपवलेला, बाहेरून काहीच दिसत नाही आणि वर आलं की तिन्ही पूल आणि सगळी बेटं एकदम समोर. जाणार असाल तर हे चुकवू नका, गाईड असो वा नसो.

खरी टूर सुरू झाली ती इमाबारीनंतर. मात्सुयामात दोगो ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या, १८९४ च्या लाकडी इमारतीत आंघोळ, मग उचिको, जिथे जुन्या मेणाच्या व्यापाऱ्यांची पांढऱ्या-पिवळ्या भिंतींची घरं रांगेने उभी आहेत आणि १९१६ चं काबुकीचं नाट्यगृह आहे. इथून पुढे इंग्रजी पाट्या कमी कमी होत गेल्या.

शाकाहाराबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ताई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जपानमधे मासे ताटात दिसतात तेवढेच नसतात, ते रश्श्याच्या पाण्यातही असतात. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, नुसती शिजवलेली भाजी, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, आणि दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाची. "मासे नकोत" एवढं सांगून भागत नाही, समोरचा बिचारा माशाचे तुकडे काढून ठेवतो आणि रस्सा तसाच देतो. आमच्या गाईडने प्रत्येक र्योकानला (जुन्या पद्धतीच्या जपानी मुक्कामाच्या घराला) आधीच फोन करून ठेवला होता की कोंबूची, म्हणजे समुद्री केल्पची, दाशी वापरा, आणि वर तिच्या बॅगेत कोंबूची पाकिटं होतीच. एका मिनशुकूतल्या, म्हणजे घरगुती मुक्कामातल्या, आज्जींनी ताईसाठी वेगळं तळलेलं तोफू, डोंगरातल्या भाज्यांचा तेंपुरा, तिळाचं तोफू असं इतकं केलं की ताईचं ताट माझ्याहून भरलेलं. हे एकट्याने भाषा न येता जमवणं मला तरी अशक्य वाटतं. रस्त्यात दुकानातली ओनिगिरी खायची झाली तर उमे म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची घ्यावी, पण पाकिटावरचं गाईडला वाचायला लावूनच. मी मासे खाते, त्यामुळे माझी चैन होती, कोची प्रांताकडचा कात्सुओ ताताकि, म्हणजे बोनिटो मासा, गवताच्या पेटत्या जाळावर वरवर भाजून मीठ लावलेला, तो मी जिथे मिळेल तिथे खाल्ला.

उचिकोहून शिकोकू कार्स्टला, म्हणजे चुनखडीच्या पठारावर, जायचा दिवस हा या टूरचा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर दिवस. उचिको तसं सखल आणि वरचं पठार हजार ते चौदाशे मीटरवर, म्हणजे दिवसभर चढच चढ, सीडरच्या जंगलातनं, ऊन खालपर्यंत येतच नाही. टूरवाल्यांनी माहितीपत्रकात या दिवसाला "मध्यम" म्हटलं होतं. हे साफ चुकीचं आहे, दोघं जण अर्ध्यात व्हॅनमधे बसले आणि त्यांना वाईट वाटलं, ते वाटायची काही गरज नव्हती, आधी नीट सांगितलं असतं तर त्यांनी ई-बाईक घेतली असती. ताईने घेतली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे मोटरची मदत ताशी १० किमीच्या पुढे कमी कमी होत जाते आणि २४ ला बंद होते, म्हणजे सपाटीवर काही उपयोग नाही पण चढावर बरोब्बर हवी तिथे मिळते. गुडघ्यांचा त्रास असेल तर लाजू नका, घ्या. वर पोचल्यावर चुनखडीचे पांढरे दगड गवतातनं डोकं काढून बसलेले, गाई चरतायत, पवनचक्क्या, आणि रस्ता धारेवरून चाललेला. रात्री कडाक्याची थंडी होती, पातळ जॅकेटवर भागणार नाही.

दुसऱ्या बाजूने उतरलो की युसुहारा. इथे परत केंगो कुमा, गावभर त्याच्या लाकडी इमारती. पण माझ्या लक्षात राहिली ती चादो, गवताने शाकारलेल्या छोट्या उघड्या झोपड्या, जिथे गावकरी वाटसरूंना चहा द्यायचे. साकामोतो र्योमा हा जपानी इतिहासातला प्रसिद्ध सामुराई १८६२ मध्ये आपलं तोसा संस्थान सोडून पळाला तो याच भागातनं डोंगर ओलांडून. शिकोकूवर ८८ देवळांची यात्रा आहे, साधारण १२०० किमीची, आणि यात्रेकरूंना काहीतरी देण्याची चाल अजून आहे. आम्ही यात्रेकरू नव्हतो तरी एका शेतातल्या आजोबांनी सायकली थांबवून मिकान संत्र्यांची पिशवी हातात दिली, गाईडने त्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि आम्हाला सांगितल्या. त्यांची दोन्ही मुलं ओसाकात, घर भाताच्या शेतासकट आपल्यामागे कोण बघणार माहीत नाही, असं ते सांगत होते.

ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात नाही म्हणून लिहिते. आतली गावं रिकामी होतायत. दारं बंद, अंगणात गवत, पर्सिमनचं झाड फळांनी लगडलेलं आणि तोडायला कोणी नाही. गुहागरकडच्या आमच्या वाडीत गणपतीला उघडतात आणि परत कुलूप लागतं तशी ती घरं, फरक एवढाच की तिथे गणपतीलाही कोणी येत नाही. संध्याकाळी पाच वाजता गावच्या भोंग्यावर एक सूर वाजतो, आपत्तीची सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना याची ती रोजची चाचणी, आणि दरीत तो ऐकायला मोजकी म्हातारी माणसं. शिमांतोच्या काठावर आम्ही बंद पडलेल्या शाळेत राहिलो, तिचं आता राहायचं ठिकाण केलंय, खोलीत फळा तसाच आहे. चालवणारे लोक गावातलेच होते आणि आमच्या पैशातला काही भाग सरळ त्यांच्याकडे जातो याचं मला फार बरं वाटलं. मोठ्या हॉटेलात उतरवणाऱ्या टूर पण आहेत, त्या घेऊ नका असं माझं स्पष्ट मत.

युसुहाराच्या बाजूने नदीकडे उतरताना थोडा ४३९ नंबरचा रस्ता लागतो. नावाला राष्ट्रीय महामार्ग, कित्येक ठिकाणी रुंदी एका गाडीची, वळणावर गोल आरसे, रस्त्यावर शेवाळ आणि पडलेली पानं. उतारावर घाई नको. जपानमधे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात त्यामुळे आपल्याला सवय करून घ्यावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण बोगदे! शिकोकूत बोगदे फार आहेत आणि जुन्यांना कडेला जागाच नाही. आमच्या मागे व्हॅन दिवे लावून यायची आणि सगळ्यांना चमकणारी जाकिटं, मागचा दिवा दिवसाही चालू. तेव्हापासून मी पुण्यातही दिवसा मागचा दिवा लावते आणि क्लबमधे सगळ्यांच्या मागे लागून लावायला लावलाय.

शिमांतो १९६ किमी लांब आणि तिच्यावर चिंकाबाशी आहेत, बिनकठड्याचे बुटके पूल. पूर आला की पाणी वरून जातं आणि कठडा नसल्याने झाडंझुडपं अडकून पूल वाहून जात नाही. एकेकाने जायचं, नजर समोर ठेवायची, पाण्याकडे बघायचं नाही, असं गाईडने आधी थांबवून सांगितलं आणि वारा होता तेव्हा उतरून ढकलत न्यायला लावलं. नाकामुराजवळचा सादाचा पूल सगळ्यात लांब. पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजता येतात.

सायकली हायब्रिड, डिस्क ब्रेक, चांगल्या ठेवलेल्या. साडेपाच फुटांच्या आतल्या बायकांना भारतात बरेचदा बरोबर साईझ मिळत नाही, तिथे पहिल्या दिवशी मोजून दिली. आपलं सॅडल आणि पेडल मात्र घेऊन जा, मी नेलं होतं आणि त्याचा रोज उपयोग झाला. रोख येन जवळ ठेवा, आत कार्ड चालेलच असं नाही. र्योकानमधे जेवण सहाला म्हणजे सहाला, त्यामुळे शेवटचे दहा किमी रोज पळापळ व्हायची, हे दुसरं गाऱ्हाणं, सकाळी अर्धा तास लवकर निघालो असतो तर सुटलं असतं, आम्ही सांगितलं, पण वेळापत्रक बदललं नाही. रूटची फाईलही मागून मागून घरी आल्यावर मिळाली.

आता विचाराल तर मी परत जाईन, पण अशी: शिमानामी आपलं आपण आरामात, दोन मुक्काम करत, आणि इमाबारीपासून पुढे गाईड. काही टूरवाले नुसता आतला भाग पण देतात. बुक करायच्या आधी लेखी विचारून घ्या की रोजचा एकूण चढ किती मीटर, बोगद्यात व्हॅन मागे असते का, आणि दाशीबद्दल प्रत्येक मुक्कामाला ते स्वतः फोन करणार का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा टूरवाला बघा. महिना ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा एप्रिल. जूनमधे त्यांचा पावसाळा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधे वादळं, तेव्हा तिकीट स्वस्त दिसलं तरी काढू नका.