फुजीचा डब्ल्यू३ की कॅननची जोडी?

एकाच कॅमेऱ्याने, अंगाचा भार डाव्या पायावरून उजव्या पायावर टाकत दोनदा क्लिक करून स्टिरिओ फोटो, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं असलेले आणि खोली दाखवणारे फोटो, बरेच काढून झाले, आणि आता माणसं, पाणी, ढग अशा हलणाऱ्या गोष्टीही खोलीसकट टिपाव्यात असं वाटू लागलं, की निवड बहुतेक वेळा दोन पर्यायांवर येऊन ठेपते. एक म्हणजे फुजीफिल्मचा फाइनपिक्स रिअल थ्रीडी डब्ल्यू३, एकाच बॉडीत दोन लेन्स असलेला. दुसरा म्हणजे कॅननचे दोन सारखे छोटे पॉवरशॉट कॅमेरे, पट्टीवर बसवून एकाच बटणावर चालवलेले. दोन्ही आता जुन्या मालातच शोधावे लागतात. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही मनापासून वापरले आहेत, म्हणून जे जाणवलं ते सांगतो.

डब्ल्यू३ २०१० साली आला. त्याचं खरं कौतुक त्याच्या मागच्या साडेतीन इंची स्क्रीनसाठी. चष्मा नाही, डोळे तिरळे करायचा सराव नाही, फोटो काढला की खोली तिथेच दिसते. मंगळागौरीला झिम्मा-फुगडीचे फोटो काढून मी कॅमेरा घरातल्या बायकांच्या हातात दिला, तर काकूंनी स्क्रीनवरच्या पदरामागे बोट घालून पाहिलं. हा आनंद दुसऱ्या कुठल्याही जुळणीत इतक्या लगेच मिळत नाही. दोन्ही लेन्स एकाच क्षणी उघडतात, रंग आणि उजेड आपोआप जुळलेले असतात, व्हिडिओही डाव्या-उजव्यात घोळ न होता निघतो. फाइल एमपीओ प्रकारची असते, म्हणजे डावं-उजवं दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये. ती फोनवर टाकली तर बहुतेक वेळा एकाच डोळ्याचं चित्र दिसतं, पण संगणकावर मासुजी सुतो यांचं स्टिरिओ फोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर असलं की तो प्रश्न उरत नाही. डावं बोट लेन्ससमोर येतं ही तक्रार सगळेच करतात. धरायची पद्धत बदलली की तेही थांबतं.

मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. डब्ल्यू३च्या दोन लेन्समधलं अंतर, म्हणजे बेस, ७५ मिलिमीटर आहे आणि ते बदलता येत नाही. माणसाच्या डोळ्यांमधलं अंतर साधारण ६३ ते ६५ मिलिमीटर धरलं, तर हा आकडा ऐकायला ठीक वाटतो. पण स्टिरिओवाल्यांचा एक भागिले तीसचा (१/३०) नियम लावून बघा: चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू बेसच्या तीसपट तरी लांब असावी. म्हणजे सव्वादोन मीटर. आपल्याकडच्या दिवाणखान्यात सव्वादोन मीटर मागे सरकलं की पाठ भिंतीला लागते. समोर बसलेल्या बाळाचा हात कॅमेऱ्याकडे आला, की तो पाहताना डोळ्यांवर ताण येतो. झूम केलं तर आणखी वाईट, कारण मग अंतर त्या प्रमाणात वाढवावं लागतं.

हे एक वेळ मी चालवून घेतलं असतं. निर्णय झाला तो दुसऱ्या टोकाला, हरिश्चंद्रगडावर. कोकणकड्याच्या त्या अंतर्वक्र कातळासमोर उभं राहिल्यावर जी पोकळी पोटात जाणवते, ती ७५ मिलिमीटरच्या बेसमध्ये मावतच नाही. पलीकडचा कडा, खालचं कोकण, मधला सगळा अवकाश एकाच सपाट पडद्यावर चिकटून येतो. अशा जागी बेस वाढवावाच लागतो. ४० सेंटिमीटर ठेवला आणि जवळचा खडक बारा मीटरच्या पुढे राहील अशी जागा घेतली, की कड्याला पोट येतं, खालच्या सोंडा एकामागे एक सुट्या दिसू लागतात. डब्ल्यू३मध्ये दोन फोटो वेगवेगळे काढून जोडायची सोय आहे, तीही मी वापरून पाहिली. पण कड्यावरून धुकं वर चढत असतं. डावा फोटो घेऊन कॅमेरा सरकवेपर्यंत धुक्याने आकार बदललेला असतो, आणि जोडलेल्या चित्रात ते ढग डोळ्यांपुढे नुसते लुकलुकतात. ज्या गोष्टीसाठी एवढं चढून गेलो, तीच हातून जाते. दोन लेन्स असलेला कॅमेरा गळ्यात असताना एका लेन्सने काम भागवायचं, हे मला सहन होईना.

कॅननच्या जोडीत ही अडचण मुळातच नाही. दोन कॅमेरे पट्टीवर हवे तितके दूर सरकवता येतात आणि तरी क्लिक एकदमच होतं. त्यासाठी स्टिरिओ डेटा मेकर हा प्रोग्रॅम लागतो. तो सीएचडीके या कॅनन कॉम्पॅक्टसाठीच्या मोफत प्रोग्रॅमवर उभा आहे आणि मेमरी कार्डावरूनच चालू होतो. कार्डाची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवली की तो आपोआप सुरू होतो, आणि साधं कार्ड घातलं की कॅमेरा पूर्वीसारखाच. क्लिकसाठी दोन यूएसबी वायरी कापून त्यातल्या लाल तारा लालशी आणि काळ्या काळ्याशी जोडायच्या, तीन पेन्सिल सेल जोडायचे आणि मध्ये दारावरच्या बेलचं बटण. बटण दाबून धरलं की दोन्ही कॅमेरे फोकस करून थांबतात, सोडलं की एकदम टिपतात. ढोल पथकासमोर उभं राहून मी हे पाहिलं आहे. शटर पुरेसं वेगवान ठेवलं, तर हवेतलं टिपरू बहुतेक फोटोंत दोन्ही बाजूंना एकाच जागी असतं. एखाद्या फोटोत थोडं हुकतं. या बाबतीत डब्ल्यू३ जास्त भरवशाचा वाटतो, हे मान्य करायला हवं.

पट्टीसाठी सपाट तुकड्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा अँगल घ्या असं मी सुचवेन. अँगलच्या उभ्या कडेला दोन्ही कॅमेऱ्यांच्या पाठी घट्ट टेकल्या, की पाव इंची स्क्रू आवळताना कॅमेरा फिरत नाही. मग लांबच्या एखाद्या गच्चीवरची पाण्याची टाकी दोन्ही स्क्रीनच्या मधोमध आणायची. एकात ती जराशी वर आणि दुसऱ्यात खाली दिसली, तर एका कॅमेऱ्याखाली कागदाची घडी सरकवायची. बारीक फरक स्टिरिओ फोटो मेकर नंतर जुळवून देतो, पण मुळात जितकं सरळ तितकी चित्राची कड कमी कापावी लागते.

जोडीचा व्याप आहेच. दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे हाताने सारखं ठेवावं लागतं, नाहीतर एका डोळ्याला ऊन आणि दुसऱ्याला सावली. झूम मी वापरतच नाही, पूर्ण वाइडवर ठेवतो, कारण दोन मोटरी नेमक्या एकाच जागी थांबतील याची खात्री देता येत नाही. शेजारी शेजारी ठेवले तर बॉडीच्या रुंदीमुळे बेस दहा सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे जवळची वस्तू तीन मीटरवर, डब्ल्यू३हूनही लांब. यावर उपाय म्हणजे दोन्ही कॅमेरे उभ्या फोटोसाठी फिरवतात तसे कुशीवर करून तळाला तळ भिडवायचा. छोट्या मॉडेलमध्ये बेस सहा सेंटिमीटरपर्यंत येतो, चित्र मात्र उभं मिळतं. घरातल्या माणसांसाठी मला ती उभी चौकट आवडू लागली आहे. कासच्या पठारावरचं बोटभर फूल दोन्हींच्या आवाक्याबाहेर. एक फूट अंतरावरून टिपायचं तर बेस सेंटिमीटरभरच हवा, तिथे वारा पडण्याची वाट बघत एकच कॅमेरा सरकवणं आलं.

तुमचे फोटो मुख्यतः लग्नकार्य, सहली, मुलं असे असतील आणि ते तिथल्या तिथे दाखवायचे असतील, तर डब्ल्यू३ घेऊन तुम्ही सुखी राहाल. तो खिशात मावतो आणि विचार करायला लावत नाही. पण डोंगर, घाट, देवळांची आवारं, समुद्र यांसाठी स्टिरिओ करत असाल, तर मी जोडीच घ्यायला सांगेन. माझा डब्ल्यू३ आता घरच्या समारंभांपुरता कपाटातून निघतो. सॅकमध्ये जोडी असते.

जोडी घेताना आधी स्टिरिओ डेटा मेकरच्या यादीत मॉडेल आहे का ते पाहा, मग विकत घ्या. दोन्ही एकाच मॉडेलचे हवेत, आणि शक्य असेल तर फर्मवेअरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची, आवृत्तीही एकच असावी, कारण प्रत्येक आवृत्तीसाठी कार्डावरची फाइल वेगळी लागते. विकणाऱ्यासमोरच दोन्हींतून एकाच भिंतीचा फोटो घेऊन कोपरे तपासा. एका लेन्सचा कोपरा मऊ असला तर एकट्या फोटोत ते कळणारही नाही, जोडीत मात्र प्रत्येक चित्रात त्याच जागी डोळा अडखळेल.