पॉवर बीआय, टॅब्लो की झोहो? मुंबईतल्या मध्यम धंद्यासाठी एआय असलेल्या डेटा सॉफ्टवेअरची तुलना

मशीद बंदरला पेढी, भिवंडीत गोदाम, अंधेरीत ऑफिस. हिशेब टॅलीत आणि बाकी सगळं एक्सेलमध्ये. अशा धंद्याला सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस आज हमखास एक डेमो दाखवतो. चौकोनात प्रश्न टाइप करायचा, 'या तिमाहीत कोणत्या पार्टीचा माल कमी गेला?', आणि दहा सेकंदांत चार्ट हजर. डेमो प्रत्येक सॉफ्टवेअरचा चांगलाच होतो, कारण त्यातला डेटा आधी धुऊन-पुसून ठेवलेला असतो. तुमच्या डेटात एकच पार्टी तीन स्पेलिंगनी असते, क्रेडिट नोटा वेगळ्या व्हाउचरमध्ये असतात आणि काही रकमा जीएसटीसकट, काही जीएसटीविना असतात. निवड करायची ती या डेटावर.

आत काय घडतं ते आधी पाहू, म्हणजे पुढची तुलना समजेल. तुम्ही प्रश्न विचारला की भाषेचं मॉडेल तुमच्या टेबलांची आणि कॉलमची नावं वाचतं आणि त्यावरून क्वेरी, म्हणजे डेटातून नेमकं हवं ते काढण्याची सूचना, लिहितं. पॉवर बीआयमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती डॅक्स या सूत्रांच्या भाषेत असते, इतर बऱ्याच ठिकाणी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत. ती क्वेरी नेहमीचं इंजिन चालवतं आणि आलेल्या आकड्यांवर मॉडेल दोन-चार वाक्यं लिहितं. बेरीज-वजाबाकी सहसा चुकत नाही. चुकते ती कॉलमची निवड. 'विक्री' म्हणजे बिलाची एकूण रक्कम, करपात्र रक्कम की परत आलेला माल वजा करून उरलेली रक्कम, हे तुम्ही सांगितलं नसेल तर सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देतं. म्हणून आमच्या मते तुलनेचा पहिला निकष असा: उत्तर कोणत्या कॉलमवर, कोणत्या फिल्टरवर उभं आहे, हे तुमच्या अकाउंटंटला दोन क्लिकमध्ये दिसतं का? किंमत आणि डेटा कुठे राहतो हे त्यानंतरचे निकष.

पॉवर बीआय

ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे आणि ज्यांची माणसं एक्सेलमध्ये मुरलेली आहेत, त्यांना हे सर्वांत जवळचं. प्रो लायसन्स एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १४ डॉलर झालं, आधी ते १० होतं. पण कोपायलट, म्हणजे प्रश्नोत्तरांचा एआय, या १४ डॉलरमध्ये येत नाही. त्यासाठी फॅब्रिक या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेची कपॅसिटी, म्हणजे भाड्याची संगणकशक्ती, वेगळी घ्यावी लागते. पूर्वी किमान एफ६४ ही मोठी कपॅसिटी लागायची, त्यामुळे लहान धंद्याने तिकडे पाहायचंही कारण नव्हतं. एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून एफ२ या सर्वांत लहान कपॅसिटीवरही कोपायलट चालतो, आणि खरा फरक इथेच पडला. एफ२ चा दर अमेरिकेत तासाला ०.३६ डॉलर, म्हणजे चोवीस तास चालू ठेवली तर महिन्याला साधारण २६३ डॉलर. भारतातल्या रीजनचा, म्हणजे डेटा सेंटरच्या प्रदेशाचा, दर वेगळा असतो, तो कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पंचवीस माणसांचा हिशेब मांडला तर लायसन्सचे ३५० डॉलर, वर एफ२, वर १८ टक्के जीएसटी. एफ६४ पेक्षा लहान कपॅसिटीवर नुसता रिपोर्ट पाहणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, ही गोष्ट विक्रेते शेवटी सांगतात.

एफ२ ची दमछाकही लक्षात घ्या. तिची दिवसाची क्षमता २ युनिट गुणिले ८६,४०० सेकंद, म्हणजे १,७२,८०० सीयू-सेकंद (सीयू म्हणजे कपॅसिटीचं युनिट). मायक्रोसॉफ्टने दिलेल्या उदाहरणात २,००० टोकनचा (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) प्रश्न आणि ५०० टोकनचं उत्तर यांना ४०० सीयू-सेकंद लागतात. दुसरं काहीच चालत नसेल तर या हिशेबाने दिवसाला ४३२ प्रश्न. प्रत्यक्षात तुमच्या टेबलांचं मॉडेल मोठं असलं की प्रत्येक प्रश्नासोबत जास्त टोकन जातात आणि त्याच कपॅसिटीवर डेटा रिफ्रेशही चालू असतो. त्यामुळे पाच-सहा माणसांच्या रोजच्या वापराला एफ२ ठीक आहे, पंचवीस जणांनी दिवसभर विचारत राहावं इतकी ती मोठी नाही. कपॅसिटी भरली की कामं मंदावतात, मग नाकारली जातात, आणि त्याच कपॅसिटीवरचे साधे रिपोर्टही अडकतात.

कोपायलटला तयारी लागते, आणि ती करून घेण्याची साधनं पॉवर बीआयमध्ये चांगली आहेत. कोणती टेबलं आणि कॉलम एआयने पाहायचे ते ठरवता येतं, लेखी सूचना देता येतात, ठरावीक प्रश्नांना तपासलेली उत्तरं बांधून ठेवता येतात. 'उधारी', 'येणी', 'बाकी' हे तिन्ही शब्द एकाच मेजरचे, म्हणजे ठरवून ठेवलेल्या हिशेबाच्या सूत्राचे, समानार्थी म्हणून नोंदवा. न वापरलेले कॉलम लपवा. टॅलीतून आलेली 'अमाउंट१', 'अमाउंट२' अशी नावं तशीच ठेवलीत, तर उत्तर चुकण्याला एआय जबाबदार नाही.

आणखी दोन अडचणी आधीच ठाऊक असाव्यात. पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं. आणि ऑफिसातल्या संगणकावरचा डेटा आपोआप वर चढवायला गेटवे हा जोडणीचा प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो संगणक रात्री बंद केला की सकाळचा रिफ्रेश पडतो. प्रोमध्ये दिवसाला जास्तीत जास्त ८ ठरवलेले रिफ्रेश मिळतात. टॅलीतून ओडीबीसी या थेट जोडणीने डेटा घेत असाल तर टॅली चालू आणि कंपनी उघडलेली असावी लागते, नाहीतर रिकामं टेबल येतं किंवा जोडणीच होत नाही.

कोपायलट न घेताही बरंच मिळतं. कोणत्या घटकामुळे आकडा हलला ते दाखवणारं 'की इन्फ्लुएन्सर्स', रक्कम शाखा-पार्टी-मालानुसार फोडत जाणारं 'डीकम्पोझिशन ट्री', लाइन चार्टवरचा अंदाज, हे सगळं नुसत्या प्रोमध्ये आहे. पुष्कळ धंद्यांना पहिलं वर्षभर एवढं पुरेल.

टॅब्लो

२०१९ मध्ये सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या कंपनीने टॅब्लो विकत घेतलं आणि त्याचा एआय आज दोन वाटांनी येतो. टॅब्लो एजंट चार्ट बनवणाऱ्याला मदत करतो. त्याने ओढलेले कॉलम शेल्फवर, म्हणजे चार्टच्या वरच्या पट्टीवर, समोर दिसतात, त्यामुळे तपासणी सोपी. पल्स हे फेब्रुवारी २०२४ पासून टॅब्लो क्लाउडमध्ये आहे, आणि मालकांसाठी आमच्या मते तेच जास्त कामाचं. तुम्ही एक मेट्रिक, म्हणजे लक्ष ठेवायचा आकडा, ठरवता, जसं 'निव्वळ विक्री, दिवसानुसार, शाखेच्या फिल्टरसह', आणि पल्स दर सकाळी किंवा दर आठवड्याला ईमेलवर सांगतं की आकडा किती हलला आणि कोणामुळे. डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या सेल्स मॅनेजरला मोबाइलवर चार ओळी वाचून दिवसाची दिशा मिळते. मेट्रिकची व्याख्या एकदा नीट केली की उत्तरं भरकटण्याला वाव कमी राहतो.

पल्सला मोकळ्या भाषेत, अनेक मेट्रिक मिळून प्रश्न विचारायचे असतील तर वरचा टॅब्लो प्लस हा संच लागतो. मूळ दर: क्रिएटर (रिपोर्ट बनवणारा) ७५, एक्सप्लोरर (त्यात बदल करून पाहणारा) ४२, व्ह्यूअर (नुसता पाहणारा) १५ डॉलर, माणशी महिना, पण वर्षाचं बिल एकदम. दोन क्रिएटर आणि तेवीस व्ह्यूअर म्हणजे महिन्याला ४९५ डॉलर. आधीपासून सेल्सफोर्स वापरत नसाल किंवा चार्टच्या देखणेपणावर तुमचं काम अवलंबून नसेल, तर हा फरक मोजण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

झोहो अ‍ॅनालिटिक्स

घाऊक व्यापारी, वितरक, लहान कारखानदार यांनी पहिली चाचणी इथे घ्यावी. 'आस्क झिया'ला, म्हणजे झोहोच्या एआयला, प्रश्न विचारला की ती रिपोर्ट बनवते आणि तो रिपोर्ट उघडून कॉलम, फिल्टर बदलता येतात. झोहोने जुलै २०२५ मध्ये स्वतःचं भाषेचं मॉडेलही आणलं. भारतातली त्यांची डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईत आहेत. खातं उघडताना देश भारत निवडला आहे ना, हे पाहा. चॅटजीपीटीची जोडणी वेगळी चालू केलीत तर डेटाचा तो भाग मात्र बाहेर जातो.

इथे मोजमाप माणसांबरोबर ओळींचंही आहे. स्टँडर्ड प्लॅनमध्ये ५ माणसं आणि १० लाख ओळी, प्रीमियममध्ये १५ माणसं आणि ५० लाख ओळी. रोज ६०० बिल-ओळी, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. पाच वर्षांची विक्री ९ लाखांत बसते, पण साठ्याच्या नोंदी त्यात घातल्या की स्टँडर्ड अपुरा पडतो. आस्क झियाच्या कोणत्या सोयी कोणत्या प्लॅनमध्ये आहेत ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या. मर्यादा अशी की गुंतागुंतीची मेजर लिहिण्यात डॅक्स जितकं खोल जातं तितकं इथे जाता येत नाही.

लुकर आणि चॅटबॉट

गूगलचं लुकर थोडक्यात: डेटा बिगक्वेरी या गूगलच्या क्लाउड डेटाबेसमध्ये असेल आणि लुकएमएल ही लुकरची व्याख्या लिहिण्याची भाषा येणारा इंजिनिअर पगारावर असेल तरच. असं असेल तर व्याख्यांची शिस्त यांच्याइतकी कोणाचीच नाही.

चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटला एक्सेल फाइल देणं सर्वांत स्वस्त. तो पायथॉनचा कोड लिहून चालवतो आणि तो कोड पाहता येतो. एकदाच करायच्या कामाला, जसं दोन फाइलींतली पार्ट्यांची नावं जुळवणं, हे उत्तम. पण तोच प्रश्न पुढच्या महिन्यात विचारला की कोड नव्याने लिहिला जातो, आणि या वेळी क्रेडिट नोटा वजा झाल्या की नाही हे पुन्हा तपासावं लागतं. ग्राहकांची नावं आणि फोन नंबर असलेली फाइल कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर चढवू देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पॉवर बीआयच्या बाबतीतही विचारा की कोपायलटची प्रक्रिया तुमच्या रीजनबाहेर होते का. ती परवानगी अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये असते.

तीन दिवसांची चाचणी

दोन सॉफ्टवेअर निवडा, दोन्हींत तीन वर्षांचा तोच डेटा भरा. अकाउंटंटकडून दहा प्रश्नांची उत्तरं टॅलीतून आधी काढून बंद पाकिटात ठेवा. प्रत्येक प्रश्न तीन वेगळ्या शब्दरचनांत विचारा, एकदा मराठीतही. तिन्ही वेळा एकच आकडा आला नाही तर तो प्रश्न नापास.

दहांत हे तीन असायलाच हवेत. पहिला, 'चौथ्या तिमाहीची विक्री'. आपली चौथी तिमाही जानेवारी ते मार्च, पण पॉवर बीआय स्वतः बनवतं त्या तारखांच्या उतरंडीत जानेवारी ते मार्च ही पहिली तिमाही असते. त्यासाठी 'ऑटो डेट/टाइम' बंद करून एप्रिलपासूनचं वेगळं तारखांचं टेबल लावावं लागतं. टॅब्लोत आणि झोहोत वर्षारंभाचा महिना सेटिंगमध्ये बदलता येतो. दुसरा, '९० दिवसांपुढची येणी'. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले की देय तारखेपासून, हे उघडून पाहा.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा: 'सप्टेंबरमध्ये विक्री का घटली?' गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मखर, मिठाई, कपडे, विजेच्या माळा, कोणताही सणाचा माल घ्या, २०२५ मध्ये खरेदी ऑगस्टमध्ये सरकली. एआय मात्र सप्टेंबरची घट पाहून एखाद्या सेल्समनवर किंवा शाखेवर बोट ठेवतो, कारण आकड्यांत तीच नावं असतात. चार्टवरचे साधे अंदाजही ठरावीक कालांतराने येणारे चढ-उतार धरून चालतात, त्यांना तिथी माहीत नसते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरवर गेली आहे, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा १८ दिवस पुढे.

उपाय सगळीकडे एकच चालतो. तारखांच्या टेबलात 'चतुर्थीपासूनचे दिवस' असा कॉलम घाला, आधीचे दिवस उणे आणि नंतरचे अधिक. दिवाळी आणि गुढीपाडव्यासाठीही तसेच कॉलम करा. मग उणे ३० ते शून्य हा काळ तिन्ही वर्षांचा शेजारी ठेवून पाहा, आणि एआयला लेखी सूचना द्या की सणाच्या मालाची तुलना याच कॉलमवर करायची. ही सूचना दिल्यावर ज्या सॉफ्टवेअरचं उत्तर सुधारलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, त्याचं लायसन्स घ्या. पहिले तीन महिने मासिक दराने मिळत असेल तर तसंच घ्या, वार्षिक सवलत नंतरही मिळते.