नेट-सेटला (म्हणजे यूजीसी-नेट आणि राज्याची सेट, कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा) आधी पेपर १ करावा की पेपर २?

बरेच जण पेपर १ आधी संपवायला बसतात, कारण तो सगळ्या विषयांना कॉमन आहे आणि क्लासवाले पण तोच जास्त शिकवतात. पण मार्क बघा ना, पेपर १ ला ५० प्रश्न १०० मार्कांना आणि पेपर २ ला, म्हणजे आपल्या विषयाच्या पेपरला, १०० प्रश्न २०० मार्कांना, म्हणजे मेरिट ठरतं ते मुख्यतः आपल्या विषयावरच! मी तर सांगेन पेपर २ आधी धरा, सिलॅबसचं एकेक युनिट घेऊन जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत चला. पेपर १ रोज तासभर पुरे, त्यात डेटा इंटरप्रिटेशन (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) आणि उतारा सरावानेच जमतात. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, एकही प्रश्न सोडू नका प्लीज.