थंडीतली धुळकट गाडी: प्रेशर वॉशर की एक बादली?

पावसाळ्यातला चिखल निदान दिसतो तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची घाण जरा फसवी असते. पुण्या-नाशकाकडे रात्री आभाळ निरभ्र असतं, उघड्यावर उभ्या गाडीचं टप आणि बॉनेट हवेपेक्षा गार पडतं आणि त्यावर दव धरतं. दिवसभरची धूळ त्यात भिजते आणि ऊन चढलं की पत्र्यावरच वाळते. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गाळप सुरू झालं की साखर कारखान्याची काळी राखही त्यात येते. कोरड्या डस्टरने हा थर निघत नाही, नुसता घासला जातो. धुळीतले वाळूचे कण वरच्या लॅकरपेक्षा कठीण असतात, त्यामुळे गडद रंगावर दोन महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायला लागतात.

सोसायटीत एका बादलीत, एका फडक्याने सकाळी दहा गाड्या पुसल्या जातात, तो पर्याय म्हणूनच इथे घेतलेला नाही. पुसणाऱ्याचा त्यात दोष नाही. तेवढ्या वेळात तेवढ्या गाड्या म्हटल्यावर फडकं धुवायला सवड कुठून मिळणार? खरी निवड घरचा प्रेशर वॉशर (जोराने पाणी मारणारं यंत्र) आणि रिन्सलेस वॉश (बादलीभर पाण्यात खास द्रावण घालून पुसायचं, वरून पाणी मारायचं नाही) यांच्यातच आहे.

वॉशरची मोठी जमेची बाजू म्हणजे हात लावण्याआधीच बरीचशी धूळ निघून जाते. आधी चाकं, मग अंगावर फोम, चार-पाच मिनिटं थांबायचं (फोम वाळू द्यायचा नाही), मग वरून खाली पाणी. नोझल 40 अंशांचं, अंतर निदान एक फूट. पार्किंग सेन्सर आणि पीपीएफच्या (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या) कडांवर सरळ मारा नको. पण फोमने सगळं निघतं असं समजू नका. शेवटचा करडा थर राहतोच, त्यासाठी शाम्पू आणि मिट (हातात घालायचा धुण्याचा मऊ मोजा) लागतोच. तो टप्पा गाळला की गाडी ओली असताना चकचकीत दिसते आणि वाळल्यावर पुन्हा मळकट.

पाण्याचा हिशेबही बघा. मिनिटाला 6 लिटर धरले तरी दहा मिनिटांत 60 लिटर जातात. एवढं पाणी बहुतेक सोसायट्यांत बोअरचंच मिळतं आणि त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. काही जण आरओचं वाया जाणारं पाणी साठवून वापरतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे डागही जास्त.

तरीही वॉशरवरून माझं मन उडालं ते ओघळांमुळे. जोराचं पाणी आरशाच्या कवचात, दारांच्या हँडलमागे, टेललॅम्पच्या फटीत आणि नंबरप्लेटच्या मागे शिरतं. गाडी पुसून कोरडी केली की अर्ध्या तासाने ते हळूहळू झिरपतं. एरवी चाललं असतं, पण थंडीत हवेत धूळ तरंगत असते आणि ती नेमकी त्या ओल्या रेघेवर बसते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक आरशाखाली तपकिरी मिशा! ब्लोअरने हे टळतं, पण मग आणखी एक यंत्र, आणखी एक वायर, आणि सकाळी सातला शेजाऱ्यांची झोपमोड.

रिन्सलेसमध्ये फटीत शिरण्याइतकं पाणीच नसतं. 8 लिटर पाण्यात साधारण 30 मिलि द्रावण (प्रमाण सुमारे 1:256, तरी बाटलीवरचं एकदा बघा). एवढंच पाणी लागत असल्याने ते पिण्याच्या फिल्टरमधून घेणंही परवडतं. त्यातलंच एक लिटर स्प्रे पंपात भरा. 350 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) आसपासची आठ मायक्रोफायबर फडकी बादलीत बुडवा. एका भागावर भरपूर फवारा, मिनिटभर थांबा, फडकं हलकं पिळून चौघडी करा आणि फक्त त्याच्या वजनाने सरळ रेषेत एकदाच ओढा. दर ओढीला नवी बाजू. एका फडक्याच्या आठ बाजू होतात. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. सगळी शिस्त या एका नियमात आहे. लगेच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने टिपून घ्या. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, मग खालचा, आणि चाकांना वेगळं फडकं.

वेळ मात्र सकाळची, दव असतानाच. धूळ रात्रभर भिजलेली असते, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं. ऊन अंगावर आलं की थांबा.

बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. द्रावण जास्त पडलं की पत्रा चिकट होतो आणि उलट धूळ धरतो. फवारा कमी पडला की खडे ओढले जातात. आणि फडकी सॉफ्टनर घालून किंवा सुती कपड्यांबरोबर धुतली की ती पाणी शोषत नाहीत आणि लिंट (बारीक तंतू) सोडतात. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी बाद.

कोकणातून तांबडी माती घेऊन आलेली गाडी मात्र बादलीने धुवायला जाऊ नका. चिखलाचे गोळे, मडगार्डच्या आतली माती, समुद्राकाठचा खारटपणा यांना जोराचं पाणीच हवं. त्यासाठी महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटर पुरतं. बंगला असेल, नळाचं मऊ पाणी असेल आणि गाडी पांढरी असेल, तर घरचा वॉशर घ्यायला माझी हरकत नाही. सोसायटीतलं उघडं पार्किंग आणि काळी किंवा गडद निळी गाडी असेल, तर त्या पैशात द्रावणाची बाटली आणि डझनभर चांगली फडकी घ्या.

काहीही निवडलंत तरी सकाळी घाईत आधी वायपर फिरवू नका. काचेवर मगभर पाणी ओता, वायपर उचलून रबराची कड ओल्या फडक्याने पुसा, मग चालू करा. काचेवर अर्धगोल ओरखडा उठला की तो कुठल्याच शाम्पूने जात नाही.