‘ग्रीटिंग्ज’ की ‘हाय, मॉम!’ : डी पामाचा कोणता सिनेमा आधी पाहावा?

दिग्दर्शक ब्रायन डी पामा म्हटलं की ‘कॅरी’ आठवतो, ‘स्कारफेस’ आठवतो, फार तर पहिला ‘मिशन: इम्पॉसिबल’. पण तिशी गाठण्याआधीच या माणसाने न्यूयॉर्कमध्ये तुटपुंज्या पैशांत दोन उपहासपट केले होते: १९६८ चा ‘ग्रीटिंग्ज’ आणि १९७० चा ‘हाय, मॉम!’. दोन्हींत रॉबर्ट डी नीरो आहे, तेव्हा कुणालाच फारसा माहीत नसलेला. दोन्हींत तो जॉन रुबिन नावाच्या तरुणाचं काम करतो. लोकांच्या खिडक्यांत चोरून डोकावणं हा या जॉनचा छंद, आणि त्याला तो ‘पीप आर्ट’ असं कलेचं नाव देतो.

दुसरा सिनेमा पहिल्याच्या पुढची गोष्ट सांगतो, म्हणून क्रमाने पाहा, असा सल्ला तुम्हाला बहुतेक ठिकाणी मिळेल. माझं मत उलटं आहे. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ‘हाय, मॉम!’ लावा. मागची कथा माहीत नसल्याने काही अडत नाही. जॉन व्हिएतनामहून परतलाय, एवढं कळलं की पुरे.

‘ग्रीटिंग्ज’ मात्र कमी प्रतीचा आहे असं समजू नका. १९६९ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला ‘रौप्य अस्वल’ (सिल्व्हर बेअर) हा पुरस्कार मिळाला होता. सक्तीच्या सैन्यभरतीचं जे पत्र अमेरिकी तरुणांच्या घरी येई, त्याची सुरुवात ‘ग्रीटिंग’ या शब्दाने होत असे. नाव तिथून आलं. तीन मित्र आहेत. पॉलला भरतीतून सुटायचंय, म्हणून बाकीचे दोघे त्याला झोपू देत नाहीत आणि तपासणीत कोणतं सोंग काढायचं ते शिकवतात. लॉइडला केनेडींच्या हत्येने इतकं झपाटलंय की गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली हे तो झोपलेल्या मैत्रिणीच्या अंगावर आखून बघतो. तिसरा जॉन. प्रसंग सुटे सुटे आहेत, संवाद बरेचसे नटांनी जागच्या जागी रचलेले, आणि काही प्रसंग लांबतात. मधली अर्धीअधिक जागा मुली पटवण्यात जाते. ती आज पाहताना मला जड गेली, कारण त्या मुलींना स्वतःचं म्हणणंच दिलेलं नाही. ‘हाय, मॉम!’मध्येही हा दोष आहे, थोडा कमी. पण युद्धाच्या सावलीतलं १९६८ चं न्यूयॉर्क, तिथल्या पोरांची बडबड, त्यांची भीती हे तुम्हाला बघायचं असेल, तर ते ‘ग्रीटिंग्ज’मध्येच सापडेल.

डोकावण्याचं म्हणाल, तर ‘ग्रीटिंग्ज’मध्ये तो एका पात्राचा विक्षिप्तपणा आहे. आपण जॉनकडे बाहेरून पाहतो. ‘हाय, मॉम!’मध्ये डी पामा आपल्यालाच खिडकीशी बसवतो. जॉन ग्रीनिच व्हिलेजमध्ये एक पडकी खोली भाड्याने घेतो, एका अश्लीलपट काढणाऱ्या निर्मात्याकडून पैसे मिळवतो आणि समोरच्या नव्या इमारतीवर कॅमेरा रोखतो. चौकटीत चौकटी असाव्यात तशा त्या खिडक्या पडद्यावर दिसतात, आणि कुठे काय चाललंय ते आपण स्वतःच शोधायला लागतो. समोर राहणाऱ्या ज्यूडीला (जेनिफर सॉल्ट) जाळ्यात ओढून तिच्याबरोबरचा प्रणय स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपायचा, असा त्याचा बेत. कॅमेरा ऐन वेळी साथ देत नाही. इथवर सिनेमा हलकाफुलका आहे.

आणि मग ‘बी ब्लॅक, बेबी’ येतं. माझा कौल ज्याच्यामुळे पक्का झाला तो हा भाग.

सिनेमा रंगीत आहे, पण हा भाग एकदम कृष्णधवल, हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेला, एखाद्या टीव्ही वाहिनीचा माहितीपट वाटावा असा. काळ्या कलाकारांची एक नाटकमंडळी गोऱ्या, सुशिक्षित, उदारमतवादी प्रेक्षकांना ‘काळं असणं म्हणजे काय’ याचा अनुभव देणार असते. सुरुवातीला सगळं गमतीत चालतं. आमच्या केसांना हात लावून बघा, आमचं जेवण चाखून बघा. मग प्रेक्षकांची तोंडं काळी रंगवली जातात आणि नट स्वतःची तोंडं पांढरी करतात. हळूहळू दमदाटी सुरू होते. पाकिटं-पर्स काढून घेतल्या जातात, मारहाण होते, एका बाईवर अत्याचाराचा प्रयत्न होतो. पार्श्वसंगीताचा आधार नाही, त्यामुळे हे नाटकातलं नाटक आहे हे ठाऊक असूनही छातीत धडधडतं. मग पोलिसाच्या वेशात डी नीरो आत येतो; जॉनने या नाटकात पोलिसाची भूमिका मिळवलेली असते. घाबरलेले प्रेक्षक त्याच्याकडे धाव घेतात, आम्हाला लुटलं म्हणतात. तो त्यांची काळी तोंडं बघतो आणि त्यांनाच पकडतो.

यानंतर हे लोक रस्त्यावर येतात आणि कॅमेऱ्यासमोर सांगतात की प्रयोग फार छान झाला, मित्रांनाही पाठवू. मी सगळ्यांत जास्त हललो ते इथे. ज्या भीतीत काळ्या माणसाचा रोजचा दिवस जातो ती यांना तासभर मिळाली, आणि तिचं त्यांनी घरी जाता जाता कलानुभवात रूपांतर करून टाकलं. आधीच्या तासाभरात आपणही लोकांच्या खिडक्यांत मजेने डोकावत होतो, तीच सवय इथे अंगावर येते. दुसऱ्याचं दुःख पाहणं आणि ते समजणं यांतलं अंतर इतक्या थेटपणे दाखवणारं दृश्य मी क्वचितच पाहिलंय. त्याच सुमारास डी पामाने नाट्यदिग्दर्शक रिचर्ड शेक्नर यांच्या मंडळीच्या ‘डायोनायसस इन ६९’ या प्रयोगाचं चित्रीकरण केलं होतं. तिथेही नट आणि प्रेक्षक यांच्यातली रेघ पुसलेली होती. ती शिकवण इथे कामी आलेली दिसते.

मात्र सावध करणं माझं काम. मारहाणीची किंवा लैंगिक जबरदस्तीची दृश्यं तुम्हाला त्रास देत असतील तर ‘हाय, मॉम!’ टाळा, किंवा सोबतीला कुणाला घेऊन पाहा. अशा वेळी ‘ग्रीटिंग्ज’ बरा, जरी त्याचा शेवटचा व्हिएतनाममधला प्रसंगही कडूच आहे. घरातल्या मुलांसोबत पाहण्याजोगा दोघांतला एकही नाही. आणि दोन्हींत माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, तेव्हा सबटायटल्स सुरू ठेवा.

लांबीने दोन्ही दीड तासाच्या आतबाहेर, म्हणून तो प्रश्न निकालात काढा. डी नीरोच्या प्रेमापोटी निवड करत असाल तरी ‘हाय, मॉम!’च. पोलिसाची भूमिका मिळवण्यासाठी जॉन जो आव आणतो आणि पुढे त्याच्यात जी थंड हिंस्रता उतरते, त्यात ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला युद्धावरून परतलेला एकाकी माणूस सहा वर्षं आधीच डोकावतो. शेवट सांगत नाही. शीर्षकाचा अर्थ मात्र तिथेच उलगडतो.

‘हाय, मॉम!’ आवडला, तर दुसऱ्या दिवशी ‘ग्रीटिंग्ज’ पाहा; जॉन कुठून निघाला होता ते कळल्यावर त्याचं पुढचं वागणं जास्त बोचतं. आणि तोही झाला की डी पामाच्याच ‘सिस्टर्स’ची पहिली दहा मिनिटं. त्यातही जेनिफर सॉल्ट आहे. तो सुरू होतो ‘पीपिंग टॉम्स’ नावाच्या टीव्हीवरच्या खेळाने, आणि त्या खेळात एका काळ्या तरुणाला बक्षीस मिळतं ते ‘द आफ्रिकन रूम’ नावाच्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाचं.